कमी धक्क्याचं रिव्हॉल्व्हर हवं असेल तर आधी वजन बघा

निपाणीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "वडिलांची बारा बोरची दुनळी वारसाहक्कानं माझ्या नावावर झाली आहे, परवाना चालू आहे. पण उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे ती आता उडवता येत नाही. रविवारी विरंगुळा म्हणून कागदाच्या टार्गेटवर नेम धरायचा आहे, बाकी काही नाही. लाखभर रुपयांत, हाताला कमी धक्का देणारं कुठलं रिव्हॉल्व्हर घ्यावं? जागेची अडचण नाही, उसाचं शेत आहे. मुलगी दहावीत आहे, तिलाही शिकायचंय."

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. रिव्हॉल्व्हरच घ्यायचं असेल तर .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप), सातशे ग्रॅमच्या आसपास भरणारं घ्या. दुकानात तुमच्यासमोर एखादं पाचशे ग्रॅमचं हलकं रिव्हॉल्व्हर ठेवतील आणि "हाताला किती सोपं बघा" म्हणतील. ते तुमच्या कामाचं नाही. आणि रिव्हॉल्व्हरचे पैसे भरण्याआधी काही हजारांचं एअर पिस्तूल घेऊन चार-सहा महिने घरीच हात बसवा. शेताचा विचार मात्र आजच सोडा, त्यावर पुढे बोलतो.

हाच प्रश्न अमेरिकेत कुणी विचारला तर उत्तर एका ओळीत संपतं. तिथे .२२ बोरची साधी, स्वस्त रिव्हॉल्व्हरं दुकानोदुकानी मिळतात. रुगर कंपनीचं रँग्लर २०१९ मध्ये आलं तेच मुळी अडीचशे डॉलरच्या आत. वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, घोडा (म्हणजे मागचा हॅमर) प्रत्येक वेळी अंगठ्यानं मागे ओढायचा, धक्का जवळजवळ नाहीच. कागदावर नेम मारायला याहून स्वस्त आणि मजेशीर काही नाही. पण आपल्याकडे सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली. त्याआधी आलेली जुनी विलायती हत्यारं आजही एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात, आणि लाखांच्या पटीत बोली लागते. त्यामुळे तिकडची शिफारस वाचून इकडे शोधत बसू नका. आपल्याला देशी मालातूनच निवड करायची आहे.

आता धक्क्याचं गणित, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. गोळी ज्या नेटानं पुढे जाते, त्याच नेटानं हत्यार मागे येतं. हत्यार जड असेल तर ते सावकाश मागे येतं, हलकं असेल तर झटक्यानं. आपल्याकडचं .३२ काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ सालचं, अतिशय शांत स्वभावाचं काडतूस आहे. गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या घरात. ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर नावाचा पुरुषांचा प्रकार आहे. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारताच्या जसपाल राणानं त्यात ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. त्या प्रकारात जगभरातले बहुतेक नेमबाज हेच .३२ निवडतात, कारण ते अचूक आहे आणि हात हलवत नाही. म्हणजे सक्तीनं पदरात पडलेलं .३२ हे नेमबाजीसाठी कमअस्सल आहे असं मुळीच समजू नका.

पण तेच काडतूस सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवलं आणि पाचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवलं, तर दुसऱ्याचा धक्का ऊर्जेच्या हिशेबानं जवळपास १.४ पट बसतो. काडतूस तेच, दारू तेवढीच, फक्त दोनशे ग्रॅम कमी. निर्भीक हे टायटॅनियमच्या मिश्रधातूचं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये कानपूरहून आलं, महिलांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हाच सव्वा लाखाजवळ. जवळ बाळगायला ते सोयीचं, त्यात वाद नाही. पण रविवारी पंचवीस-तीस गोळ्या उडवायला बसलात तर दहाव्या गोळीनंतर अंगठा आणि तर्जनीमधली जागा हुळहुळायला लागेल आणि नेम विस्कटायला लागेल.

याहून फसवी गोष्ट .२२ची. निडर नावाचं .२२ रिव्हॉल्व्हर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं काढलं, पस्तीस हजारांच्या आसपास किंमत जाहीर झाली. ".२२ म्हणजे धक्काच नाही" या समजुतीनं तुमच्यासारखे अनेक जण त्याची चौकशी करतात. .२२ काडतुसाचा जोर .३२च्या निम्म्याहून थोडाच जास्त, हे खरं. पण निडरचं वजन फक्त अडीचशे ग्रॅम. हिशेब मांडला तर या हलक्या .२२चा धक्का सातशे ग्रॅमच्या .३२च्या जवळपास जाऊन बसतो. शिवाय एवढंसं हत्यार मोठ्या माणसाच्या पंजात नीट बसत नाही, करंगळी हवेत राहते. म्हणून बोर बघून धक्का ठरवू नका. बोर आणि वजन, दोन्ही एकत्र बघा.

मग उरलं काय? एक, आयओएफचं, म्हणजे सरकारी आयुध निर्माणीचं, जुनं ओळखीचं .३२. हे वेब्ली मार्क ४ या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेलं आहे. नळी साधारण तीन इंची, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. वरची कडी दाबली की बंदूक मधोमध वाकून उघडते आणि उडवलेल्या काडतुसांची सहाही खोकी एकदम वर येतात. दोन, २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेलं प्रबल, तेही कानपूरच्याच सरकारी कंपनीचं. नळी ७६ मिलिमीटर, वजन सातशे ग्रॅम. यात काडतुसं भरायचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे सांगाडा एकसंध राहतो आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं बिजागरी सैल होण्याची चिंता नसते. बजेटमध्ये बसत असेल तर मी प्रबल घ्या म्हणेन. नवीन .३२ची करासकट किंमत आधी विचारून घ्या, ती लाखाच्या पुढेही जाऊ शकते. पण चांगल्या स्थितीतलं वापरलेलं आयओएफ रीतसर विक्रेत्याकडे मिळालं तर तेही उत्तम, आणि तुमच्या लाखातून काडतुसांना पैसे उरतील.

वापरलेलं हत्यार तपासायचं कसं, हे नीट सांगतो, कारण इथेच लोक चकाकी बघून भुलतात. आधी उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विक्रेत्यानं सांगितलं तरी. मग विक्रेत्याला विचारून घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर "टक" करून जागेवर बसला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून अर्धवट फिरलेला असेल, तर घर आणि नळी एका रेषेत नाहीत. असं हत्यार गोळी सोडताना शिसं कापून बाजूला फेकतं. सहाही घरांवर हे करून बघा, एकच घर चुकार असू शकतं. घोडा मागे असताना सिलिंडर दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट उजेडासमोर धरा. केसासारखी बारीक आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. नळीत उजेड पाडून आतले आटे (पेचदार खाचा) बघा, कडा स्पष्ट हव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या म्यानात ठेवून दिलेल्या हत्यारांच्या नळीत हमखास गंजाचे खड्डे असतात. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून घरीही म्यानात घालून ठेवू नका. तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या जागी ठेवा.

चापाबद्दल, म्हणजे बोटानं ओढायच्या ट्रिगरबद्दल, एक गोष्ट. नुसता चाप ओढून घोडा उचलायचा आणि पाडायचा, तर बोटाला बरीच ताकद लावावी लागते आणि तेवढ्यात नळी हलते. घोडा आधी मागे ओढून ठेवलात तर त्याच्या निम्म्याहूनही कमी दाबात चाप सुटतो. कागदावरच्या नेमासाठी नेहमी दुसरी पद्धत वापरा. दोन हातांनी धरा, कोपर किंचित वाकलेले, म्हणजे दुखऱ्या खांद्यापर्यंत झटका पोचणार नाही. मूठ लहान वाटली तर लाकडाची किंवा रबरी मूठ परवानाधारक कारागिराकडून बसवून घ्या. हजार-दोन हजारांत धक्का जाणवायचा फरक पडतो.

आणि बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ देऊ नका. मघाशी सांगितलेल्या फटीतून दर गोळीला तापलेला वायू बाहेर पडतो. पिस्तुलाची सवय असलेले लोक डावा अंगठा पुढे नेऊन ठेवतात, रिव्हॉल्व्हरवर ती सवय भाजून काढते.

तीन इंची नळीकडून अपेक्षा किती ठेवायची? मागची खाच आणि पुढची साईट यांच्यात बारा सेंटिमीटर अंतर धरलं, तर नेम धरताना एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर आठ सेंटिमीटरहून जास्त होते. एअर पिस्तुलात हे अंतर तीस सेंटिमीटरच्या पुढे असतं, तिथे तीच चूक साधारण तीन सेंटिमीटरवर येते. म्हणून रिव्हॉल्व्हरनं सुरुवात सात मीटरवरून करा. पहिल्याच दिवशी पंचवीस मीटरवर कागद लावून गोळ्या कुठे गेल्या ते शोधत बसण्यात काही मिळत नाही.

नवशिक्याचा नेम बिघडवतो तो धक्का कमी आणि आवाज जास्त. .३२ असो की .२२, कानाजवळचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एवढा आवाज कायमचं नुकसान करतो. कानात कापसाचे बोळे घालून भागत नाही, कानावर बसणारे इअरमफ घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. आवाजाची धास्ती बसली की चाप सुटण्याआधीच मनगट खाली झुकतं आणि गोळी कागदाच्या तळाला जाते. माणूस म्हणतो, साईट बिघडलीय. हे ओळखण्यासाठी रिव्हॉल्व्हरसारखं साधन नाही. रेंजवर सोबत्याला सांगा, तीन घरांत काडतूस आणि तीन घरांत उडवलेली रिकामी खोकी भर, क्रम मला सांगू नकोस. तुम्ही नेम धरून चाप ओढा. घोडा रिकाम्या खोक्यावर पडला आणि तरीही नळी खाली झुकली, तर दोष कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच दिसतं. मी शिकवतो त्या प्रत्येकाकडून हे करून घेतो. समजावून सांगण्यात तासभर जातो, यात दोन मिनिटांत डोक्यात शिरतं.

आता खर्च. लोक रिव्हॉल्व्हरच्या किमतीवर घासाघीस करतात आणि काडतुसांचा हिशेबच करत नाहीत. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील याचा आकडा लिहिलेला असतो, त्याच्या पुढे जाता येत नाही. त्या आकड्याला ५२ रविवारांनी भागून बघा. बहुतेकांच्या बाबतीत दर रविवारी सिलिंडर एकदाही पुरता भरत नाही. म्हणजे खरा सराव काडतुसांवर होणारच नाही, तो घरी रिकाम्या हत्यारावर आणि एअर पिस्तुलावर होईल. .३२वर रिकामा घोडा पाडायचा तर आत प्लॅस्टिकची खोटी काडतुसं घाला. .२२वर मात्र हा प्रकार करू नका. त्यात टोचणी (काडतूस पेटवणारी पिन) काडतुसाच्या कडेवर आपटते, घर रिकामं असेल तर ती थेट घराच्या पोलादावर बसते आणि कड बसकते.

एअर पिस्तुलाचं म्हणाल तर ४.५ मिलिमीटर बोरपर्यंतचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं असेल तर त्याला परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन मिळतं. प्रिसिहोल, एसडीबी अशा देशी कंपन्यांचा माल ठीक असतो. ५.५ मिलिमीटरचं दाखवलं तर घेऊ नका, ते या सवलतीत बसत नाही. एका डब्यात पाचशे छर्रे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या चार-पाच काडतुसांच्या पैशांत काही आठवड्यांचा सराव. माळ्यावर किंवा लांबट पडवीत दहा मीटर मोजा, मागे जाड लोखंडी पेटीत वाळू किंवा जुन्या चिंध्या भरून ठेवा, कागदाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. अधिकृत टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं. ते दहा मीटरवरून सातत्यानं लागायला लागलं की रिव्हॉल्व्हर हातात घेताच फरक कळेल. पाखरांवर, माकडांवर छर्रा मारायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ एअरगनलाही लागू आहे.

शेताबद्दल. स्वरक्षणाच्या परवान्यावरचं हत्यार स्वतःच्या रानात सरावासाठी उडवता येत नाही. सराव परवानाधारक रेंजवरच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ऊस गोळी अडवत नाही. साध्या .२२ची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते. तुमच्या बांधापलीकडे तोडणीची टोळी आहे की वैरणीला आलेली बाई, उसातून दिसतं का? बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेंज आपल्यासाठी नाहीत, त्याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. जिल्ह्यातल्या किंवा कोल्हापूरकडच्या परवानाधारक क्लबचं सभासदत्व घ्या. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिसमध्ये २०२४ला कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे तिन्ही नेमबाज कोल्हापूर जिल्ह्यातले. निपाणीहून ते तासाभराच्या आत आहे. क्लबच्या देखरेखीखाली क्लबचीच हत्यारं उडवता येतात, म्हणजे विकत घेण्याआधी हाताला काय सोसतं ते कळतं.

पण सीमाभागातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्वतःचं रिव्हॉल्व्हर घेऊन कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडायचा असेल तर परवान्याची हद्द महाराष्ट्रापर्यंत हवी. कर्नाटकापुरता परवाना असेल तर नाक्यापलीकडे तुमचं हत्यार बेकायदा. हद्द वाढवण्यासाठी रीतसर अर्ज करा, "सगळे असंच नेतात" या बोलण्यावर जाऊ नका. निवडणूक लागली आणि तसा हुकूम आला की हत्यार ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती जपून ठेवायची.

परवान्याची पुढची पायरी अशी. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमची दुनळी एक, म्हणजे रिव्हॉल्व्हरला जागा आहे, पण त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. तुमच्या भागासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या डीसी ऑफिसला. बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्त. "विरंगुळा" एवढं कारण पुरत नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये खेळाडूसाठी वेगळं कारण दिलं आहे, त्यात परवानाधारक क्लबचा गेली दोन वर्षं सक्रिय सभासद असणं अपेक्षित आहे. म्हणून क्लबचं सभासदत्व आज घ्या, रिव्हॉल्व्हरचा अर्ज त्यावर उभा राहील. कर्नाटकात काहींना परवानाच लागत नाही असं तुमच्या कानावर येईल. ती सवलत कोडगू जिल्ह्यातल्या कोडवा समाजाला आणि जम्मा या जुन्या वतनी हक्काच्या जमीनधारकांना आहे, आपल्याला नाही. आणि वीस-पंचवीस हजारांत "कागदाशिवाय सोय करतो" म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गावठी कट्ट्याची नळी पाण्याच्या पाइपची असते, ती धरणाऱ्याच्या हातात फुटते, आणि नाही फुटली तरी तुरुंग आहे.

मुलीसाठी रिव्हॉल्व्हरचा विषय नको. परवान्याचं किमान वय २१, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीलाच मोठ्या आवाजाची धास्ती बसली तर ती पुढे वर्षभर निघत नाही. तिला एअर पिस्तूल द्या. ते सुरुवातीला तिच्या मनगटाला जड वाटेल, तर पहिले काही आठवडे टेबलावर उशी ठेवून त्या उशीवर हात टेकवून नेम धरू दे, मग हळूहळू उशी काढा. हात थरथरायला लागला की थांबायचं, त्या दिवशी मग एकही छर्रा नाही. राही सरनोबतनं ज्या २५ मीटर प्रकारात २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तो .२२ पिस्तुलाचा आहे. मुलीला खरंच गोडी लागली तर कोल्हापुरातल्या प्रशिक्षकांसमोर ती क्लबच्या .२२ पिस्तुलावर जाऊ शकते, त्यासाठी तुम्हाला काही विकत घ्यावं लागणार नाही. सरावानंतर दोघांनीही साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. छर्रे शिशाचे असतात, ते शिसं बोटांवर राहतं.